पायरीवरचा निकाल

जालन्यात अजूनही काही लोक मला ‘भारी शब्दवाले सर’ म्हणतात. अंभोरे हे आडनाव त्यांना आठवत नाही. नवीन जालन्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर कांतिलालशेठ यांचं बियाण्यांचं दुकान होतं. त्याच्या माडीवर माझा वर्ग भरायचा. दहावी मराठी माध्यमातून झालेली मुलं वर्षभर येत आणि फक्त इंग्रजी शब्द शिकत. व्याकरण नाही, फाडफाड बोलणं नाही. अकरावीचं पुस्तक उघडल्यावर किंवा पुढे बँकेच्या परीक्षेतला उतारा समोर आल्यावर दर ओळीला अडखळायला होऊ नये, एवढंच काम. खालून बियाण्यांना लावलेल्या औषधाचा उग्र वास यायचा. माझ्या विद्यार्थ्यांना तो वास आला की अजूनही इंग्रजी शब्द आठवतात, असं ते सांगतात.

या अंकाचे संपादक माझे जुने विद्यार्थी. ते म्हणाले, “सर, वर्गातल्या गमती लिहा. दिवाळीत लोकांना जरा हसू द्या.” गमती आहेत, त्यातली एखादी लिहितोही. पण ज्यासाठी मी हा लेख कबूल केला, ते काम वेगळं आहे. एक निकाल मी खोटा वाचला होता. नजरचुकीने नव्हे, ठरवून. तो दुरुस्त करायचा आहे.

आधी माझा धंदा समजावून सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

पालक पहिल्याच दिवशी विचारत, “वर्षात किती शब्द येतील पोराला?” जणू शब्द पोत्यात भरून काट्यावर ठेवायचे. मी त्यांना सांगायचो, शब्द येणं हे माणूस ओळखण्यासारखं असतं. बाजारात एखादा चेहरा ओळखीचा वाटतो, ही झाली तोंडओळख. त्याचं नाव-गाव सांगता येतं, ही त्यापुढची ओळख. आणि अडचणीत त्याला हाक मारता येते, तेव्हा तो आपला माणूस. आमच्या मुलांची इंग्रजी शब्दांशी सगळी तोंडओळख असायची. ‘रिलक्टंट’ म्हणजे काय विचारलं की ‘नाखूश’ म्हणून पाठ म्हणून दाखवायची, आणि वाक्यात तोच शब्द आला की त्याच्याकडे पाहून पुढे निघून जायची.

म्हणून मी अर्थ विचारत नसे. घटना सांगत असे. “पाहुणे आलेत. आईने मुलाला साखर आणायला पाठवलं. पोरगं उठलं, पण चप्पल शोधण्यातच बराच वेळ घालवून राह्यलं. शब्द सांगा.” एक म्हणे ‘ऑब्स्टिनेट’. दुसरा म्हणे, “न्हाई सर, ऑब्स्टिनेट असता तर उठलाच नसता. हा रिलक्टंट.” मग दोघांचं भांडण. मी भांडू द्यायचो. भांडणात वापरलेला शब्द सहसा कोणी विसरत नाही. शिवाय शिकवलेला शब्द मी कधीही, न सांगता, परत विचारत असे. आठवड्याने, महिन्याने, परीक्षेच्या आदल्या दिवशी. मुलांनी त्याला ‘वसुली’ असं नाव ठेवलं होतं.

माझा सर्वांत हौशी विद्यार्थी मात्र दहावीचा नव्हता, खुद्द कांतिलालशेठ होते. त्यांची माणसं राजस्थानातून कधी आली ते त्यांनाही सांगता येत नसे. मराठी आमच्यासारखीच बोलत. एकदा त्यांचा एका बियाणे कंपनीशी माल उशिरा पाठवल्यावरून वाद झाला. माडीवर येऊन म्हणाले, “सर, दहा-पाच भारी शब्द द्या. असं पत्र लिहितो की कंपनीवाल्याला घाम फुटला पायजे.” मी नको म्हणत होतो, पण माडी त्यांची होती. शब्द दिले. त्यांनी सगळे एकाच पत्रात घातले. काही दिवसांनी कंपनीच्या साहेबाचा फोन आला. शेठ ऐकत होते आणि मान हलवत होते. फोन ठेवून म्हणाले, “साहेब हिंदीत विचारून राह्यला, सेठजी, माल चाहिए या नहीं, इतनाही बता दो.”

तेव्हापासून ते शिकवणीला बसले नाहीत, पण चहा घेऊन माडीवर येत राहिले. त्यांना ध्यानात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहेत.

वर्गाचं नाव झालं तशी गर्दी वाढली. बाकं थोडी, मुलं फार. म्हणून जूनमध्ये मी प्रवेशाची परीक्षा घेऊ लागलो. तिच्या शेवटच्या प्रश्नाचा मला फार अभिमान होता. एक छोटा उतारा असे. एका शेतकऱ्याने ज्वारीची रास खळ्यात उघडी ठेवलीय. वारा सुटलाय. शेजारी ताडपत्री देऊ करतो, हा म्हणतो, राहू दे. आणि शेवटचं वाक्य असं की हा माणूस रास झाकायला फारच ‘टर्विश’ होता. टर्विश म्हणजे काय असेल, ते तुमच्या भाषेत लिहा.

टर्विश नावाचा शब्द इंग्रजीत नाही. तो मी बनवला होता. कोणी पाठ करून येऊ शकणार नाही, असा शब्द मला हवा होता. सगळे शब्द कोणीच कोणाला शिकवू शकत नाही. अनोळखी शब्द समोर आल्यावर आजूबाजूला बघून त्याचा अंदाज बांधता येतो का, आणि अंदाजाला अंदाजच समजतो का, एवढं मला पाहायचं असे. वर्गात मी पुढे हेच शिकवत असे: पुढचं वाक्य वाचल्याशिवाय अर्थ पक्का करायचा नाही.

पास झालेल्यांना मी पहिल्या दिवशी सांगून टाकायचो की टर्विश खोटा होता. वर्गभर हशा व्हायचा. जे पास झाले नाहीत त्यांना हे सांगावं, असं माझ्या कधी डोक्यातही आलं नाही.

निकालाचीही आमची एक रीत होती. लोक भोकरदन, अंबड, परतूरकडून यायचे, संध्याकाळच्या एसटीने परतायचे. म्हणून परीक्षा सकाळी घ्यायची, दुपारी पेपर तपासायचे, आणि उन्हं उतरायच्या आत निकाल. पालक तोवर दुकानाच्या पत्र्याखाली भाकरीचं गाठोडं सोडून बसत. मी जिन्याच्या मधल्या पायरीवर उभा राहून मोठ्याने वाचत असे. मुलाचं नाव, वडलांचं नाव, गाव, निकाल. पास असेल तर “वर या”. नसेल तर “पुढच्या वर्षी या”. चिठ्ठी नाही, वशिला नाही, सगळं चारचौघांत. या रीतीचाही मला अभिमान होता.

त्या वर्षी पिंपळगाव रेणुकाईहून दादाराव मिसाळ आले. उंच, सावळे, कमी बोलणारे शेतकरी. सोबत मुलगा गजानन आणि मुलगी संगीता. संगीता वर्षाने लहान, पण भावाच्या मागे मागे शाळेत जाऊन बसायची म्हणून मास्तरांनी तिचंही नाव घातलं आणि दोघं एकाच वेळी दहावी झाली. दादारावांच्या बगलेत एक वळकटी होती, सतरंजीत गुंडाळून दोरीने बांधलेली.

“सर, दोघंबी बसणार,” ते म्हणाले. “पण राहायची सोय एकाचीच हाये. माझी बहीण स्टेशनमागं राहती. एकच खोली. जे लेकरू निघंल त्याला ठिवतो.”

“आणि सामान आत्ताच आणलं?”

“पेरणी तोंडावर हाये सर. पुन्हा येणं व्हत न्हाई.”

दुपारी मी पेपर तपासत होतो. शेठ चहा घेऊन आले. गजाननचा पेपर साधारणपेक्षाही कमी होता. शेवटचा प्रश्न त्याने कोरा सोडला होता. मग संगीताचा घेतला. आधीचे प्रश्न उत्तम होते. टर्विशखाली तिने लिहिलं होतं, “एक तर तो आळशी होता. नाहीतर त्याला खात्री होती की पाऊस येत नाही. पुढचं वाक्य दिलेलं नाही, म्हणून दोन्ही लिहिले.”

इतक्या वर्षांत हे उत्तर मला कोणी दिलं नव्हतं. बहुतेक जण ‘आळशी’ लिहून मोकळे होत. मी उठून ते शेठना वाचून दाखवलं. शेठ म्हणाले, “ही पोरगी दुकानात बसवा सर. उधारीवाला बराबर ओळखील.”

निकाल लिहून झाला आणि मी पायरीवर आलो. खाली दादाराव भिंतीला टेकून बसले होते, हात वळकटीवर. शेजारी गजानन नव्या शर्टात ताठ उभा. संगीता त्याच्या मागे, आत्याच्या पोराला कडेवर घेऊन. मी नावं वाचत चाललो होतो आणि मिसाळांचं नाव जवळ येत होतं.

तेव्हा डोक्यात जे चाललं ते जसंच्या तसं लिहितो. दोनेक वर्षांपूर्वी मी एका गावच्या मुलीला घेतलं होतं. दिवाळीत तिचं लग्न ठरलं आणि तिचं बाक वर्षभर रिकामं राहिलं. दुसरं असं वाटलं की हा बाप इतक्या लोकांपुढे काय करील? मुलगा राहिला आणि मुलगी निघाली, असं ऐकल्यावर तो मुलीला परक्या गावात ठेवून मुलाला परत नेईल का? नेणार नाही. दोघांना घेऊन जाईल. जागा वाया जाईल आणि चारचौघांत माणसाची शोभाही होईल. त्यापेक्षा आपण त्याची अडचण सोडवावी. पोरगा काय, घासूनपुसून तयार करता येईल.

यातलं एक अक्षरही दादाराव बोलले नव्हते. मीच त्यांच्या चेहऱ्यावर ते वाचलं होतं.

मी वाचलं, “गजानन दादाराव मिसाळ, पिंपळगाव रेणुकाई. पास. वर या. संगीता दादाराव मिसाळ, पिंपळगाव रेणुकाई.” इथे जरा थांबलो. “थोडक्यात राहिली. पुढच्या वर्षी या.”

‘थोडक्यात’ हा शब्द इतर कोणासाठी मी कधी वापरला नव्हता. तिला बरं वाटावं म्हणून घातला.

दादाराव उठले. माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बराबर बघितलं ना सर?”

मला वाटलं, आनंदावर विश्वास बसत नाही. मी म्हणालो, “बरोबर बघितलं.”

त्यांनी वळकटीकडे पाहिलं, जरा वेळ तशीच धरली, आणि गजाननच्या हातात दिली. गजाननने ती घेतली आणि बहिणीकडे बघितलं. ती आत्याच्या पोराचं नाक पुसत होती.

संध्याकाळी शेठ शटर ओढत होते. मी जिना उतरलो तसे ते हात थांबवून म्हणाले, “सर, लोक म्हणतेत व्यापारी माप मारतो.”

“कोण म्हणतं?”

“सगळेच म्हणतेत. पण आमच्या काट्याची दोन्ही पारडी गिऱ्हाइकाला दिसतेत तरी. तुमचा काटा माडीवर हाये.”

एवढं बोलून त्यांनी शटर खाली ओढलं. पुढे आयुष्यभर हा विषय त्यांनी काढला नाही. चहा मात्र पूर्वीसारखा वर्गात आणून देत, बसत नसत.

गजानन वर्षभर आला. इतका नम्र मुलगा विरळा. बाकं पुसून ठेवायचा, फळा धुवायचा. पण वसुलीच्या वेळी त्याचं तोंड कोरडं पडायचं. मी त्याला थांबवून घेऊन शिकवलं, पुन्हा पुन्हा शिकवलं. त्याला वाटायचं सर माया करतात. मी माझं पाप घासूनपुसून लखलखीत करू पाहत होतो. ते झालं नाही. पुढे त्याने शेतीची पदविका केली आणि गावातच खत-बियाण्यांचं दुकान टाकलं. दुकान चांगलं चालतं. पण त्यात माझ्या वर्गाचा काही हात नाही.

पुढच्या जूनमध्ये संगीता आली नाही. ‘पुढच्या वर्षी या’ म्हटल्यावर पुष्कळ मुलं परत येत, ती आली नाही. एक कार्ड टाकलं असतं तरी काम झालं असतं, पत्ता माझ्याकडे होता. टाकू टाकू म्हणता परीक्षा आली, गर्दी झाली, आणि राहिलं. राहिलं हेही खरं नाही. कार्डात लिहायचं काय, हे मला सुचत नव्हतं.

माझ्या वर्गाच्या निकालाची शहरात चर्चा असे. पालक म्हणत, अंभोरे सरांच्या हातात जादू आहे. दाराशीच निवडून घेतलेलं धान्य होतं, त्यात जादू कसली? शिकवत मी मनापासून असे, एवढं श्रेय मी सोडणार नाही. पण दारातून मी कोणाला परत पाठवलं, ते त्या कौतुकात कोणी धरत नव्हतं.

आता वर्ग माझी एक जुनी विद्यार्थिनी चालवते. शेठ गेले. त्यांच्या मुलांनी जुनं दुकान पाडून तिथे मोठी इमारत बांधली, वर्ग तिच्यातच आहे. तो जिना राहिला नाही. निकाल आता मोबाइलवर जातो, ज्याचा त्याला. जूनमध्ये दोन दिवस मी तिथे शोभेसाठी जाऊन बसतो.

या जूनमध्ये चाळिशीतली एक बाई मुलीला घेऊन आल्या. नमस्कार करून म्हणाल्या, “ओळखलं का सर? मी गजूची बहीण. गजानन मिसाळची.”

स्वतःचं नाव तिने सांगितलंच नाही. मला सांगायची गरजही नव्हती.

“ही माझी ऋतुजा. हट्ट करून आली. सर, हिच्याकडनं लई अपेक्षा ठेवू नका. आमच्या घरात इंग्रजीचं अंग न्हाई. तुम्ही तर माझं बघितलंच होतं.”

“आई, गप ना,” मुलगी म्हणाली.

“गप काय? सरांनी स्वतः पेपर तपासला होता माझा. विचार त्यांना.”

मुलगी माझ्याकडे बघू लागली. मी म्हणालो, “जा बाळा, पेपर सुरू होईल.” आजूबाजूला लोक आहेत, असं मी स्वतःला सांगितलं. त्या दिवशी लोकांचं निमित्त झालं. पायरीवर लोकांची अडचण वाटली नव्हती.

ऋतुजा पास झाली, सहज पास झाली. मला झोप येईना. आठवड्याने मी एसटी धरून शहागडला गेलो. संगीताचं सासर तिथलं. हमरस्त्याला, गोदावरीच्या पुलाच्या अलीकडे नवऱ्याचं टायरचं दुकान आहे. हिशेब आणि गिऱ्हाईक ती बघते. मी गेलो तेव्हा नवरा एका ट्रकखाली होता आणि ती गल्ल्यावर.

“सर! फोन करायचा ना. ऋतूला स्टँडवर पाठवलं असतं. ती आत्ताच गेल्ती तिकडं.” तिने चहा मागवला. “पोरीचं काही चुकलं का?”

“तिचं नाही,” मी म्हणालो, आणि सांगून टाकलं. घरून ठरवून आलेलं लांबलचक होतं, पण बोलायला दोन-चार वाक्यंच लागली. तू पास होतीस. गजानन नव्हता. मी निकाल उलटा वाचला.

एक ड्रायव्हर येऊन म्हणाला, “ताई, जल्दी करा, माल पोचवायचा आहे.” ती म्हणाली, “थांब भाऊ जरा.” तिने कधी कोणाला थांबवलं नसावं, कारण तो चकित होऊन बाजूला जाऊन उभा राहिला.

“अण्णांनी सांगितलं होतं का तुम्हाला? पोराला घ्या म्हणून?” तिने विचारलं. अण्णा म्हणजे दादाराव.

“नाही.”

“काही खूण? नजरेनं?”

“नाही. मलाच वाटलं.”

“तुम्हाला ती वळकटी आठवती का?”

“आठवते.”

“तिच्यात माझे कपडे होते सर. माझ्या रिबिनी, तेलाची बाटली. घरात सगळ्यांला माहीत होतं, मीच निघणार म्हणून. दादाला बी माहीत होतं. त्याचं मन राहावं म्हणून आईनं त्याला उगं बसवलं होतं परीक्षेला. अण्णा आधी आत्याकडं येऊन गेल्ते. पोरगी राहायला येणार हाये म्हणले, मोरीला दार बसवून घे. आत्यानं दार बसवलं.” ती एकदम हसली. “दार लागलं माझ्यासाठी, आन राहायला गेला दादा. पहिला आठवडा माझ्याच पांघरुणात झोपला. मंग अण्णा त्याची गोधडी घेऊन गेले आन माझे कपडे परत आणले.”

पुढचं वाक्य वाचल्याशिवाय अर्थ पक्का करायचा नाही, हे मी हजारो मुलांना शिकवलं. दादारावांचं पुढचं वाक्य त्यांच्या बगलेत होतं. सोडून बघायचीही गरज नव्हती, विचारलं असतं तरी पुरलं असतं.

“आन तो शब्द सर,” ती म्हणाली. “टर्विश. तुम्ही म्हणले थोडक्यात राहिली, तवा मला वाटलं त्याच्यावरच राहिले. भोकरदनला कॉलेजात मोठी डिक्शनरी होती. तिच्यात बघितला. सापडला न्हाई. दुसऱ्या डिक्शनरीत बघितला. दादाला विचारायची लाज वाटायची. आत्ता परवा ऋतूच्या मोबाइलवर बी बघितला. कुठंच न्हाई. काय होता त्याचा अर्थ?”

मला वाटलं होतं, सांगायचं ते सांगून झालंय. मोठं अजून बाकीच होतं.

“तो शब्द नाहीच,” मी म्हणालो. “मी बनवला होता. अंदाज कसा बांधता, ते बघायला.”

“म्हंजे डिक्शनरीत नव्हताच?”

“नाही.”

“आन मी जे लिहिलं, दोन्ही अर्थ?”

“इतकं बरोबर उत्तर मला त्याआधी कोणी दिलं नव्हतं. नंतरही नाही.”

तिने गल्ल्यावरची पावत्यांची चवड उचलली, सारखी केली, परत ठेवली. “बारावीनंतर अण्णांनी नर्सिंगचा फॉर्म आणला होता,” ती म्हणाली. “मीच नको म्हणलं. पुस्तकं इंग्रजीत असतेत. अण्णा दोनदा म्हणले, भर गं. मी म्हणलं, अण्णा, सरांनी बघितलंय, आपल्याला न्हाई जमणार. ते बी मंग गप बसले. गेले त्याला लई वर्षं झाले. शेवटपर्यंत लोकांला सांगायचे, माझी पोरगी थोडक्यात राहिली.”

मी माफी मागितली. ती म्हणाली, “चहा घ्या, थंड होऊन राह्यला.”

चहा पिऊन मी उठलो. तेव्हा ती म्हणाली, “सर, एक सांगू का? तवा तुम्ही पायरीवर उभे राहून मोठ्यानं बोलले होते. बापाचं नाव घेतलं, गावाचं नाव घेतलं. सगळ्यांनी ऐकलं. आता माझ्या दुकानात येऊन हळूच सांगून राह्यले. हे कसं बराबर होईल?”

“काय करू, सांग.”

“मला काय इचारता? मास्तर तुम्ही.” आणि ड्रायव्हरकडे वळून म्हणाली, “हं, बोल भाऊ.”

निघताना ती रस्त्यापर्यंत आली. जालन्याकडची एसटी हात करून तिनेच थांबवली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. ऋतुजाला एवढ्यात काही बोलू नका, आधी दादाला मी सांगते, एवढं म्हणाली.

चार दिवसांनी गजाननचा फोन आला. “सर, संगीनं सांगितलं.” मागे दुकानात कोणीतरी युरियाचा भाव विचारत होतं. “सर, वर्षभर मला वाटायचं, कुणीतरी जिना चढून येईल आन म्हणंल, ऊठ रे, ही तुझी जागा न्हाई. मंग वाटायचं, आपण ढ हाये म्हणून असं वाटून राह्यलं.”

“गजानन, तुझंही मी…”

“ते जाऊ द्या. तुम्ही दिवाळी अंकात लिहिणार म्हणं?”

“संगीताला फोन करून विचारलं होतं. तुझी हरकत नसेल तर लिहीन.”

“लिहा. पण माझा निकाल बी बराबर लिहा. अर्धा लिहू नका. अंक मी दुकानात ठेवत असतो. गावातले लोक बसल्या बसल्या वाचतेत.”

त्या पायरीवरून मी ज्यांना ज्यांना ‘पुढच्या वर्षी या’ म्हणालो, त्यांच्यापैकी कोणी अजून टर्विशचा अर्थ शोधत असेल, तर आता थांबावं. तो शब्द कुठेच नाही. उत्तर चुकलं म्हणून तुम्हाला इंग्रजी येत नाही, असंही नाही. एका दुपारी, एका माणसाने, थोड्या बाकांसाठी घेतलेली ती परीक्षा होती.

आणि आता निकाल. जिना राहिला नाही, म्हणून इथे वाचतो.

गजानन दादाराव मिसाळ, पिंपळगाव रेणुकाई. नापास. पुढच्या वर्षी या.

संगीता दादाराव मिसाळ, पिंपळगाव रेणुकाई. पास. वर या.